पक्षीविज्ञानातील पोस्टडॉक फेलोशिप: पीएचडी संपत आली आहे, अर्ज कुठे आणि केव्हा करावा?

माळचंडोल (प्रश्न)

नमस्कार. माझे पीएचडीचे काम शेवटच्या टप्प्यात आहे आणि शोधप्रबंध येत्या काही महिन्यांत विद्यापीठाला सादर होईल. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतील गवताळ माळांवर स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावून, चंडोल, लावे, तित्तिर अशा पक्ष्यांच्या आवाजांवरून त्या माळाची स्थिती ओळखता येते का, हा माझा विषय आहे. जिथे गवत अजून टिकून आहे, जिथे खड्डे खणून झाडे लावली गेली आहेत आणि जिथे पाणी पोहोचल्यावर ऊस आला आहे, अशा तीन प्रकारच्या जागांची तुलना हा प्रबंधाचा गाभा आहे.

माझ्या गाइड वनस्पतींच्या परिसंस्थेवर काम करतात. त्यांनी मला भरपूर मोकळीक दिली, पण पक्ष्यांवर काम करणाऱ्या देशी-परदेशी प्रयोगशाळांशी त्यांच्या फारशा ओळखी नाहीत आणि त्यामुळे माझ्याही नाहीत. पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनासाठी, शोधाशोध केल्यावर चार नावे पुन्हा पुन्हा समोर आली: कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीविज्ञान प्रयोगशाळेची रोज फेलोशिप, युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी फेलोशिप, जर्मनीची हम्बोल्ट फेलोशिप आणि आपल्याकडची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप. या चारांपैकी कोणत्या योजनेसाठी माझे काम योग्य ठरेल, हे कसे ओळखावे? दुसरे असे की, परदेशात गेल्यावर महाराष्ट्रातील माळांवरच काम चालू ठेवण्याची माझी इच्छा आहे. ते व्यवहारात शक्य असते, की विषय बदलावाच लागतो? आणि जाहिरातींत विज्ञान आणि संवर्धन ही दोन्ही उद्दिष्टे लिहिलेली असतात, तेव्हा निवड करणारे नेमके काय शोधत असतात? माझे वय ३१ आहे, हेही सांगून ठेवते, कारण काही योजनांना वयाची अट आहे. अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिले तर आभारी राहीन.

शेकाट्या

तुम्ही लिहिलेल्या चार योजना एका पंगतीत बसणाऱ्या नाहीत, म्हणून आधी त्यांच्यातला फरक पाहू. पोस्टडॉक मुळात दोन तऱ्हेचे असतात. एका तऱ्हेत एखाद्या प्राध्यापकाकडे प्रकल्प मंजूर झालेला असतो, प्रश्न ठरलेला असतो आणि तो सोडवायला माणूस हवा असतो. त्याची जाहिरात येते आणि नोकरीसारखा अर्ज करायचा असतो. दुसऱ्या तऱ्हेत प्रश्न तुमचा असतो, पैसे योजनेचे असतात आणि प्राध्यापक यजमान असतो. तुमच्या यादीतल्या चारही योजना दुसऱ्या तऱ्हेच्या आहेत. त्यामुळे आधी योजना निवडून मग यजमान शोधणे हा उलटा क्रम झाला. ज्याच्या शेजारी बसून दोन वर्षे काम करायचे तो शास्त्रज्ञ आधी ठरवावा आणि त्याच्याकडे जाण्याचा रस्ता कोणत्या योजनेतून निघतो ते नंतर पाहावे.

कॉर्नेलची प्रयोगशाळा न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे १९१५ पासून आहे. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी गोळा करणारे ई-बर्ड हे संकेतस्थळ २००२ मध्ये तिथूनच सुरू झाले, मॅकॉले ध्वनिसंग्रह तिथे आहे, आणि आवाजांवरून पक्षी ओळखणारी बर्डनेट ही प्रणाली तिथल्या मंडळींनी जर्मनीतील केमनिट्झच्या तांत्रिक विद्यापीठाबरोबर विकसित केली. रोज फेलोशिप साधारण दोन वर्षांची असते आणि ती केवळ जीवशास्त्रज्ञांसाठी नाही; ध्वनिशास्त्र, संगणन, नागरिकविज्ञान, शिक्षण अशा बाजूंनी आलेले लोकही तिथे निवडले जातात. अर्जाआधी प्रयोगशाळेतील कोणाशी तरी बोलणे होऊन त्याने तुमचा पाठीराखा व्हायचे मान्य केलेले असावे लागते. तुमचा विषय तिथल्या ध्वनिशास्त्र केंद्राच्या अगदी जवळचा आहे, पण अडचणही तीच आहे. 'मी बर्डनेट वापरले' हे वाक्य इतर ठिकाणी वजनदार ठरेल, तिथे नाही, कारण ती प्रणाली बनवणारे लोक टेबलाच्या पलीकडे बसलेले असतील. तुमच्याजवळ त्यांच्याकडे नसलेले काही असेल तर ते म्हणजे दख्खनच्या माळावर, वाऱ्यात आणि पावसात केलेली आणि माणसाने कान लावून तपासलेली ध्वनिमुद्रणे. अर्जात मुद्रणाचे तास किती हे सांगण्यापेक्षा त्यांपैकी किती तास माणसाने ऐकून कोणता आवाज कोणाचा हे निश्चित केले आहे, ते सांगा.

मारी क्युरी योजनेला राष्ट्रीयत्वाची अट नाही. ज्या देशात जायचे त्या देशात अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेले नसावे आणि पीएचडीनंतरचा संशोधनाचा काळ ८ वर्षांहून अधिक नसावा, या दोन अटी महत्त्वाच्या आहेत. त्यात मातृत्व किंवा इतर कारणाने पडलेला खंड धरला जात नाही. मुदत बहुधा सप्टेंबरमध्ये असते. गर्दी मात्र भयंकर वाढली आहे: २०२४ च्या फेरीत दहा हजारांवर अर्ज होते, ते २०२५ मध्ये सतरा हजारांच्या पुढे गेले. शिवाय ठरावीक मर्यादेपेक्षा कमी गुण मिळाले तर पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेबरोबर पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून 'यंदा नुसता टाकून पाहू' हा विचार या योजनेत परवडत नाही.

हम्बोल्टसाठी वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो, आणि जर्मनीतील यजमानाचे लेखी संमतिपत्र हा त्याचा कणा असतो. जर्मनीत पक्ष्यांवरचे काम कुठे चालते ते पाहताना जुन्या पत्त्यांवर विसंबू नका. झेविसेनची माक्स प्लांक पक्षीविज्ञान संस्था आता त्या नावाने अस्तित्वात नाही. तिचा एक भाग जैविक बुद्धिमत्तेच्या नव्या संस्थेत गेला आणि राडोल्फझेलकडचा भाग प्राणिवर्तनाच्या संस्थेत, जिथे स्थलांतराचा उपग्रहाद्वारे मागोवा घेण्याचे काम चालते.

यजमानाला पाठवायच्या पहिल्या पत्राबद्दलही थोडे लिहितो, कारण बहुतेक अर्ज तिथेच अडतात. आपल्याकडची पत्रे 'मला लहानपणापासून पक्ष्यांची आवड आहे' इथून सुरू होतात आणि प्रश्न तिसऱ्या परिच्छेदात येतो; तोवर वाचणाऱ्याने पुढचे पत्र उघडलेले असते. तुमच्या पत्राची सुरुवात काहीशी अशी असावी: 'माळावर झाडे लावल्यावर चंडोलांचे गाणे किती वर्षांनी थांबते, हे मी अमुक इतक्या ठिकाणच्या ध्वनिमुद्रणांवरून मोजले. गाणे थांबण्याआधी वीण थांबते का, हे मला पुढे पाहायचे आहे आणि आपल्या अमुक लेखातील पद्धत त्यासाठी उपयोगी पडेल असे वाटते.' एवढे झाले की पदवी केव्हा मिळेल आणि कोणत्या योजनेतून अर्ज करण्याचा विचार आहे, हे सांगून पत्र संपवावे. सप्टेंबरच्या मुदतीसाठी हे पत्र फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवे, कारण युरोपातील अनेक विद्यापीठे वसंत ऋतूतच इच्छुकांची अंतर्गत निवड करून टाकतात.

टिटवी

शेकाट्या यांचे सगळे म्हणणे मान्य आहे, पण महाराष्ट्रातील माळांवरच काम करण्याच्या इच्छेबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. प्रशासकीय परवानग्यांशी माझा रोजचा संबंध येतो.

दोन वर्षांची फेलोशिप म्हणजे तुमच्या विषयात दोन पावसाळे, एवढाच हिशेब ध्यानात ठेवा. माळावरच्या बहुतेक पक्ष्यांची वीण आणि गाणे पहिल्या पावसाभोवती एकवटलेले असते. तणमोराचा नर तर गवतातून उड्या मारायला लागतो तोच मुळी पावसाळ्यात. फेलोशिप ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि परवानगी पुढच्या ऑगस्टमध्ये हाती आली, तर दोनपैकी एक पावसाळा गेला आणि तुलना करायला दुसरे वर्ष उरले नाही. प्रस्तावाच्या वेळापत्रकात हे लिहिलेले नसेल तर भारतातील फील्डवर्कची माहिती असलेला कोणताही परीक्षक ते पहिल्यांदा पकडेल.

परवानग्यांचे म्हणाल तर, अभयारण्यात संशोधनासाठी नुसते जायचे आणि ध्वनिमुद्रक लावायचा तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि आपल्या राज्यात त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. पक्षी पकडून त्याच्या पायात ओळखीची कडी घालायची असेल तर प्रकरण वेगळे होते, आणि तो पक्षी त्या कायद्याच्या अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेला, असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूच्या नव्याने मांडल्या गेल्या आहेत, त्यामुळे जुन्या प्रबंधांतून 'ही जात अनुसूची ४ मध्ये आहे' असे वाक्य उचलू नका. आपल्या बहुतेक माळांना अभयारण्याचा दर्जा नाही. काही जमीन वनविभागाची, काही महसुलाचे गायरान, काही कोणाच्या तरी सातबाऱ्यावरचे पडीक. तिथे कागदोपत्री परवानगी सोपी असते, पण बाभळीला बांधलेली हिरवी पेटी काय आहे हे गावात आधी सांगितलेले नसेल तर ती तिथे राहत नाही. मेंढपाळांशी तर बोलायलाच हवे, कारण माळ पायाखाली घालणारे तेच आहेत.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना परदेशात गेल्यावर कळते. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार परदेशी नागरिकाला भारतातील जैविक संसाधने संशोधनासाठी घ्यायची असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मान्यता लागते, आणि त्याच कलमात आयकर कायद्यानुसार अनिवासी ठरणारा भारतीय नागरिकही येतो. म्हणजे तुम्ही वर्षातला मोठा काळ इथाकाला किंवा जर्मनीत राहिलात आणि सुट्टीत येऊन सुप्याच्या माळावरून पिसे किंवा रक्ताचे नमुने घ्यायचे म्हटलेत, तर पासपोर्ट भारतीय असूनही कायद्याच्या दृष्टीने तुम्ही बाहेरच्या ठरू शकता. नमुने बाहेर पाठवणे हा तर आणखी वेगळा अर्ज आहे. तुमचा विषय आवाजांचा असल्यामुळे नमुन्यांचा प्रश्न तुम्हाला मुळात कमी भेडसावेल, आणि माझ्या मते हा तुमचा मोठा फायदा आहे. परदेशी प्रस्तावात पहिल्या वर्षी हातात असलेल्या मुद्रणांचे विश्लेषण आणि दुसऱ्या वर्षी एखाद्या भारतीय संस्थेच्या सहकार्याने, तिच्या परवानगीवर फील्डवर्क, अशी मांडणी करावी. त्या संस्थेचे पत्र अर्जासोबत जोडलेले असावे.

वेडा राघू

अमेरिकेपुरती एक छोटी भर घालतो. कॉर्नेलसारख्या ठिकाणी जायचे झाले तर फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल फेलोशिप हाही मार्ग आहे. ती ८ ते २४ महिन्यांची असते आणि पीएचडी मिळून चार वर्षांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा लागतो. फरक नंतरचा आहे. फुलब्राइटवर गेलेल्याला परतल्यावर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते आणि ती पूर्ण होईपर्यंत काही प्रकारचे व्हिसा मिळत नाहीत. विद्यापीठाच्या पैशावर जे-१ व्हिसा घेऊन गेलेल्या भारतीयांना पूर्वी ही अट अमेरिकेच्या कौशल्ययादीमुळे (कोणत्या देशाला कोणती कौशल्ये परत हवी आहेत त्याची यादी) लागू होऊ शकत असे. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला. तुम्हाला परत येऊन माळावरच काम करायचे असेल तर फुलब्राइटची अट तुमच्या आड येत नाही, पण तिकडे पुढे नोकरी शोधण्याचा विचार मनात असेल तर कोणाच्या पैशावर जायचे हे आधी ठरवलेले बरे.

माळचंडोल

सर्वांचे मनापासून आभार. टिटवी ताई, अनिवासी असण्याचा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता. शेकाट्या यांच्या सूचनेप्रमाणे पत्राची सुरुवात बदलते आहे. प्रस्तावातील संवर्धनाचा परिच्छेद मात्र अजून जमत नाही. सध्या तो असा आहे: 'भारतातील माळरानांवरील पक्षी झपाट्याने कमी होत आहेत. ध्वनिमुद्रणावर आधारित ही पद्धत कमी खर्चाची असून तिच्यामुळे या पक्ष्यांच्या संवर्धनास हातभार लागेल आणि धोरणकर्त्यांना उपयुक्त माहिती मिळेल.' यात काय कमी आहे?

रानपिंगळा

गेली काही वर्षे मी फेलोशिपचे प्रस्ताव परीक्षक म्हणून वाचतो आहे. तुमच्या परिच्छेदात चूक काही नाही, आणि नेमका तोच दोष आहे, कारण हाच परिच्छेद हिमालयातल्या तितरावर किंवा कोकणातल्या धनेशावर लिहिलेल्या प्रस्तावातही जसाच्या तसा चालेल.

'झपाट्याने कमी होत आहेत' याला आधार द्या. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'च्या २०२३ च्या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला आहे आणि त्यामागे सुमारे ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदी आहेत. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के कमी झालेल्या आढळल्या, आणि उघड्या, गवताळ अधिवासांतल्या जातींची अवस्था विशेष वाईट आहे. आता हे आकडे ई-बर्डच्या याद्यांवरून काढलेले आहेत आणि पक्षीनिरीक्षक तलावांवर जितक्या उत्साहाने जातात तितके उन्हातान्हात गायरानावर जात नाहीत. याद्यांमध्ये जी पोकळी राहते ती तुमचे यंत्र भरून काढू शकते का, हा प्रश्न तुम्ही विचारलात तर परिच्छेदाला एकदम धार येईल.

'धोरणकर्ते' म्हणजे कोण, तेही लिहा. माळावर काय होणार हे ठरवणारा माणूस बहुधा दिल्लीत नसतो. वनविभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे व्यवस्थापनाच्या आराखड्यात, वनजमिनीच्या कोणत्या कक्षात समतल चर खणायचे आणि कुठे रोपे लावायची हे लिहिलेले असते, आणि माळ हा 'विरळ जंगल' किंवा 'पडीक' समजला गेला की त्याच्यावर खड्डे खणले जाणारच. चर खणण्यापूर्वी त्या कक्षात एका पावसाळ्यात पंधरा दिवस ध्वनिमुद्रक ठेवले, तर 'इथे गवतातील पक्ष्यांची वीण चालू आहे, इथे लागवड नको' असे उपवनसंरक्षकांना ठामपणे सांगता येईल का? हा प्रश्न तपासता येण्याजोगा आहे. त्याचे उत्तर 'नाही' येऊ शकते, आणि म्हणूनच तो विज्ञानाचा प्रश्न आहे. उत्तर 'हो' आले तर ते कोणाच्या टेबलावर ठेवायचे हेही ठरलेले आहे. विज्ञान आणि संवर्धन यांचा मेळ म्हणजे काय असे तुम्ही विचारले होते. निवड समितीला असा एक निर्णय दिसावा लागतो, जो तुमच्या उत्तराप्रमाणे बदलेल.

गिधाडांचे उदाहरण आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्याकडे प्रस्तावाच्या नजरेने पुन्हा पाहा. भरतपूरच्या केवलादेवमध्ये विभू प्रकाश यांनी गिधाडांची घट नोंदवली, तेव्हा रोगापासून अन्नटंचाईपर्यंत बऱ्याच शक्यता चर्चेत होत्या. लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांतून गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा धागा शोधला आणि तो निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये भारतात गुरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. वाईट घट आणि बंदी यांच्यामध्ये एक नेमके, मोजता येणारे उत्तर होते आणि ते कोणाला द्यायचे हे स्पष्ट होते: औषधांना परवाना देणाऱ्याला. पुढे त्या औषधाच्या जागी आलेल्या अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली, तीही त्याच प्रकारच्या चाचण्यांच्या बळावर.

आता तुमच्या पद्धतीबद्दल, कारण परीक्षक इथे थांबणार आहे. आवाज म्हणजे संख्या नव्हे. चंडोलाचा एकच नर जोडीदार न मिळाल्यामुळे दिवसभर गात असेल आणि शेजारची जोडी पिल्लांना भरवण्यात गुंतून गप्प असेल, तर यंत्राच्या लेखी पहिली जागा चांगली ठरेल. लागवड झालेल्या माळावर गाणे वाढलेले दिसले तर ते पक्षी वाढल्याचे लक्षण आहे की मादी न मिळाल्याचे, हे मुद्रणावरून कळणार नाही. शिवाय माळावर दुपारनंतर सुटणारा वारा मायक्रोफोनवर आदळतो आणि आवाज किती अंतरावरून टिपला जातो ते दर तासाला बदलते. झाडांच्या आडोशाला वारा कमी, म्हणजे तिथे यंत्राला जास्त ऐकू येणार. तुमच्या तुलनेतल्या तीन जागांमध्ये हा फरक आधीपासूनच दडलेला आहे. काही थोड्या जागांवर घरटी शोधून, त्यांतली किती यशस्वी झाली ते पाहून, त्या आकड्यांशी आवाजाची सांगड घालणे हा पोस्टडॉकचा खरा विषय होऊ शकेल असे मला वाटते. 'गाणे थांबण्याआधी वीण थांबते का' हे शेकाट्या यांनी तुमच्या तोंडी घातलेले वाक्य नेमके तिथेच जाते. त्याच्याभोवती सगळा प्रस्ताव उभा करा आणि 'कमी खर्चाची पद्धत' हे शब्द काढून टाका. खर्च कमी आहे म्हणून कोणी फेलोशिप देत नाही.

सातभाई

वरची चर्चा उत्तम आहे, पण ती बरीचशी बाहेरगावी जाण्याचीच झाली. भारतात राहून हेच काम करण्याची बाजू कोणी मांडली नाही, ती मांडतो.

राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची आहे, वयोमर्यादा ३५ आणि स्त्रियांना व काही प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे. पूर्वी ती विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे (एसईआरबी) होती. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि एसईआरबी त्यात विलीन झाले, म्हणून जुन्या संकेतस्थळांवरची माहिती वाचताना सावध राहा. तिचा तुम्हाला एक फायदा असा की, प्रबंध सादर करून पदवीची वाट पाहणाऱ्यांनाही अर्ज करता येत आला आहे, फक्त पदवी मिळेपर्यंत रक्कम कमी असते. आपल्या विद्यापीठांत प्रबंध सादर झाल्यापासून व्हायवा (प्रबंधावरची तोंडी परीक्षा) होईपर्यंत किती महिने निघून जातात ते सर्वांना माहीत आहे. मारी क्युरीसाठी मात्र मुदतीच्या दिवशी व्हायवा झालेला असावा लागतो. तुमचे सप्टेंबरचे गणित तिथे बिघडू शकते, म्हणून परीक्षा विभागाकडे पाठपुरावा आतापासून सुरू करा.

केंद्र सरकारची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप पाच वर्षांची आहे. तिच्यात दरमहा सव्वा लाख रुपये आणि वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान मिळत आले आहे, पण सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ आहे. स्त्रियांसाठीची सवलत धरून तुम्हाला अवधी आहे; तरी तिथे स्वतंत्र संशोधक म्हणून उभे राहावे लागते आणि प्रबंधापलीकडचे काम दाखवावे लागते, तेव्हा ती पोस्टडॉकनंतरची पायरी समजा. पाच वर्षे म्हणजे पाच पावसाळे, हा टिटवी ताईंचा हिशेब इथे उपयोगी पडतो.

यजमान म्हणून पाहायचे तर तिरुपतीच्या आयसर या विज्ञानशिक्षण व संशोधन संस्थेत पश्चिम घाटातील पक्ष्यांच्या गाण्यांवर आणि उत्क्रांतीवर काम होते. बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, भारतीय विज्ञान संस्था आणि पर्यावरणावर संशोधन करणारी अत्री ही संस्था आहेत. कोइम्बतूरजवळ आनैकट्टीचे सालिम अली पक्षीविज्ञान केंद्र आता डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेचा भाग झाले आहे. म्हैसूरच्या निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानासारख्या किंवा मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) सारख्या संस्थांना काही सरकारी योजनांत यजमान होता येते, काहींत नाही. ते प्रत्येक योजनेच्या नियमावलीत पाहावे लागेल. या संस्थांमधील बरेचसे काम फेलोशिपवर चालत नाही, प्रकल्पांवर चालते. पद 'प्रकल्प शास्त्रज्ञ' असे असते, मुदत अनिश्चित असते, आणि तरीही एकाच माळावर दहा वर्षे टिकून राहिलेले लोक मी अशाच पदांवर पाहिले आहेत. वनविभागाच्या एखाद्या अधिकाऱ्याने तुमच्या सांगण्यावरून चर खणायचे थांबवावे असे वाटत असेल, तर त्याच्या बदलीनंतर येणाऱ्या अधिकाऱ्यालाही तुम्ही तिथेच दिसायला हव्यात. दोन वर्षांच्या परदेशी फेलोशिपने ते साधत नाही, हे माझे मत आहे. इतरांना पटेलच असे नाही.

शेकाट्या

सातभाई यांच्या शेवटच्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. विश्लेषणाची जी पद्धत आपल्याकडे अजून रुळलेली नाही, ती शिकून दोन वर्षांनी परत येणारा माणूस त्याच माळाला जास्त उपयोगी पडू शकतो. पण ज्या कामाला सलग हजेरी लागते ते बाहेर राहून होत नाही, हे खरेच आहे. तुमच्या बाबतीत मला एक क्रम सुचतो. प्रबंध सादर झाल्याबरोबर राष्ट्रीय फेलोशिपचा अर्ज करावा, घरट्यांचे आणि आवाजाचे काम दोन पावसाळे इथेच करावे, आणि त्या काळात परदेशातील यजमानाशी बोलणी चालू ठेवावीत. पीएचडीपासूनचे तुमचे घड्याळ फुलब्राइटसाठी चार वर्षे आणि मारी क्युरीसाठी आठ वर्षे चालू राहणार आहे, म्हणजे दोन वर्षांनी दोन्ही दारे उघडीच असतील. हातात वीणीची आकडेवारी असलेला अर्ज आजच्या अर्जापेक्षा कितीतरी भक्कम असेल.

शिफारसपत्रांची तयारी मात्र आताच करा. गाइडचे क्षेत्र वेगळे असल्याने दुसरे पत्र पक्ष्यांवर किंवा ध्वनिशास्त्रावर काम करणाऱ्या व्यक्तीचे असणे तुमच्यासाठी अत्यावश्यक आहे आणि ते केवळ ओळखीवर मिळत नाही. तुमचे काम त्या व्यक्तीने वाचलेले असावे लागते. प्रबंधातील एक प्रकरण, शक्यतो लागवडीच्या वयानुसार आवाज कसा बदलतो ते, निबंधाच्या रूपात आणून अशा दोन-तीन जणांना अभिप्रायासाठी पाठवा. प्रबंधाचे बहिःस्थ परीक्षक कोण असावेत याची नावे सुचवण्याची संधी तुमच्या गाइडना मिळणार असेल, तर त्या यादीत पक्ष्यांच्या आवाजांवर काम करणारे किमान एक नाव असावे असे त्यांना आजच सांगून ठेवा. व्हायवाच्या निमित्ताने त्या व्यक्तीला तुमचा सगळा प्रबंध वाचावाच लागेल.